आव्वा म्हणाली, दोनच आहेत

माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता, आणि आता आहे असंही म्हणवत नाही. चौतीस वर्षं नर्सची नोकरी केली, त्यातली बहुतेक बाळंतपणाच्या वॉर्डात. तिथे रोज कुणी ना कुणी काहीतरी सांगत असतं — कुणाला स्वप्न पडलेलं असतं, कुणाला अंगारा लावायचा असतो, कुणाची नणंद दारात उभी राहिली म्हणून कळा थांबलेल्या असतात. मी सगळ्यांना एकच सांगायची, "बरं, आता कुशीवर वळा." तरीही हे लिहितेय. कारण गेल्या आठवड्यात नातीच्या सोनोग्राफीला तिच्यासोबत गेले होते आणि तिथे मी तिची चांगलीच पंचाईत केली.

डॉक्टर मुलगी गोड होती. पडद्यावर बोट ठेवून सगळं दाखवत होती — हे डोकं, हा पाठीचा कणा, ही नाळ. "नाळेत तीन रक्तवाहिन्या आहेत, नॉर्मल," म्हणाली. मी विचारलं, "मोजल्यात ना?" ती म्हणाली, "हो आजी." दोन मिनिटांनी मी परत विचारलं, "म्हणजे तुम्ही स्वतः मोजल्यात ना? रिपोर्टमध्ये आधीच छापलेलं नसतं ना ते?" नातीने डोळे वटारले. बाहेर आल्यावर मला मागे टाकून सरळ रिक्षात जाऊन बसली. तिला मी कारण सांगितलं नाही. इथे सांगते... इथे मला कुणी ओळखत नाही.

आणीबाणी उठली त्या वर्षीचा उन्हाळा. सोलापूरच्या पूर्व भागात एका ट्रस्टचं सूतिकागृह होतं. नाव देत नाही, ती इमारतही आता राहिलेली नाही. बारा खाटा, एक लेबर रूम, मागे पत्र्याचा व्हरांडा आणि व्हरांड्याच्या भिंतीला लागूनच यंत्रमाग. दिवसभर खडखडाट. आमच्याकडची बाळं त्या आवाजात बिनघोर झोपायची आणि वीज जाऊन माग थांबले की दचकून रडायला लागायची. आम्ही तीन सिस्टर होतो, त्यातली एक स्वतःच्याच बाळंतपणाला गेलेली. त्यामुळे मी आठवड्यातले चार दिवस डबल ड्युटी करत होते. पाय इतके सुजायचे की संध्याकाळी चपला हातात घेऊन घरी जावंसं वाटायचं.

आमच्या डॉक्टरबाई पन्नाशीच्या, शिस्तीच्या आणि सतत काहीतरी वाचणाऱ्या. त्यांनी आदल्या पावसाळ्यात बाळंतपणाच्या रजिस्टरात पट्टीने रेघ मारून स्वतः एक नवा रकाना आखला होता — 'नाळेतल्या वाहिन्या'. नाळ कापली की तिच्या टोकाला तीन तोंडं दिसतात. एक मोठी शीर आणि दोन बारीक धमन्या. क्वचित एखाद्या नाळेत धमनी एकच असते, म्हणजे मिळून दोनच. बाई म्हणायच्या, "दोन दिसल्या तर मी जेवत असले तरी हाक मारा. अशा मुलात आत कुठेतरी काही अर्धवट राहिलेलं असू शकतं. मूत्रपिंड, अन्ननलिका, शौचाची वाट... वरून बाळ गुटगुटीत दिसेल." सोनोग्राफी हा शब्दही आमच्या कानावर आला नव्हता तेव्हा. पोटातलं मूल कळायला आमचे हात आणि ठोके ऐकायचं लाकडी नळकांडं, एवढंच होतं.

मी महिनाभर इमानेइतबारे मोजल्या. सगळ्या तीन. दुसऱ्या महिन्यात कंटाळा आला. मग मी काय करायला लागले, तर नवं पान उघडलं की त्या रकान्यात वरपासून खालपर्यंत आधीच ३, ३, ३ लिहून मोकळी व्हायची. वीस ओळी, वीस तीन. नंतर बाळंतपणं होतील तसतशी नाव, वेळ, वजन भरायचं. याला आळस म्हणतात. मी त्याला थकवा म्हणायची.

तर त्या आठवड्यात महादेवी नावाची एक बाई दाखल झाली. अक्कलकोटकडच्या खेड्यातली, घरची शेती. पहिलं मूल मेलेलंच जन्मलं होतं आणि नंतर सहा वर्षं काही नाही. आता हे. सोबत सासू होती — उंच, कपाळावर भस्माचे पट्टे, आवाज असा की यंत्रमागावरही ऐकू यावा. नवऱ्याची दुसरी सोयरीक बघायची चर्चा घरात झाली होती हे तिनेच मला पहिल्या तासात सांगितलं, सुनेच्या देखत. महादेवी भिंतीकडे बघत राहिली. तिच्यासाठी हे मूल म्हणजे काय होतं, ते मला वेगळं सांगायची गरज नव्हती.

शेजारच्या खाटेवर एका विणकर घरातली मुलगी बाळंत होऊन पडली होती. तिची आई नरसम्मा तिच्याजवळ असायची. सगळा वॉर्ड तिला आव्वा म्हणायचा. घरची भाषा तेलुगू, मराठी मोडकं पण धीट. साठी उलटलेली, काटकुळी. जन्मभर हातमागावर ताण्यातले तुटलेले धागे शोधून जोडायचं काम केलेलं. बसल्या बसल्याही तिचा अंगठा तर्जनीवर फिरत असायचा, नसलेला धागा चाचपत असल्यासारखा.

दुपारी चारच्या सुमारास महादेवीला कळा सुरू झाल्या. ती व्हरांड्यात भिंतीला धरून उभी होती. सासू कुठेतरी चहा प्यायला गेलेली. आव्वा आपणहून उठली आणि तिची कंबर चोळायला लागली. मी इंजेक्शनच्या सुया उकळत होते, माझं अर्धं लक्ष तिकडे. आव्वाने एक हात महादेवीच्या पोटावर ठेवला, सहज, आधाराला ठेवतात तसा. आणि थांबली. तिचा अंगठा फिरायला लागला. मग ती माझ्याजवळ येऊन म्हणाली,

"सिस्टरम्मा, तिला दोनच हाय."

"काय दोन? जुळं? नाही हो आव्वा, एकच ठोका आहे."

"पोर न्हाई. धागा. नाळंत दोनच धागा हाय. रेंडे. तीन पायजे ना?"

मी हसले. खरं सांगते, हसलेच. "आव्वा, तुम्ही डॉक्टर कधी झालात?" ती हसली नाही. "तू मोजून बघ. मोजल्याशिवाय पोराला काय बी देऊ नको," एवढं म्हणाली आणि आपल्या लेकीपाशी जाऊन बसली. मला तेव्हा ते खटकलंही नाही, की नाळेत तीन असतात हे या बाईला सांगितलं कुणी? तिला अक्षरओळख नव्हती. तिची लेक बाळंत झाली तेव्हा ती दाराबाहेर होती. मी सुया उकळत राहिले.

महादेवी दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बाळंत झाली. मुलगा. तीन किलोला थोडा कमी, लगेच रडला, रंग छान. डॉक्टरबाई सकाळी उशिरा यायच्या, सरळ बाळंतपणाला त्यांना बोलवायची पद्धत नव्हती. मी नाळ कापली, बांधली. नाळेचं टोक माझ्या हातात होतं, दिवा डोक्यावर होता. मी बघितलं नाही. सोळा तास झाले होते मला उभी राहून. बाळाच्या तोंडाला फेस येत होता. पुसला, परत आला. परत पुसला. नवजात बाळं थोडा फेस काढतातच, म्हटलं.

बाळामागून पडलेली वार नाळेसकट नातेवाइकांच्या हवाली करायची पद्धत होती. मडक्यात घालून, वर हळदकुंकू वाहून, तोंडाला फडकं बांधून सासूने ते खाटेखाली ठेवलं. मुलाचा बाप दुपारी येऊन ते गावी नेणार आणि घरामागे पुरणार. एकदा फडकं बांधलं की ते मडकं उघडायचं नसतं, असं त्यांच्यात मानतात. मी रजिस्टरात नाव, वेळ, वजन भरलं. शेवटच्या रकान्यात ३ आधीच होता. मग मी स्टूलवर बसले आणि बहुधा डुलकी लागली.

आरडाओरड्याने जागी झाले. आमच्याकडे तेव्हा बायका पहिले दोन-तीन दिवस आईचं दूध द्यायच्या नाहीत, गुळाचं पाणी कापसाच्या बोळ्याने पाजायच्या. आम्ही सांगून थकलो होतो. महादेवीच्या सासूने वाटी तयार केली होती आणि आव्वाने तिचं मनगट धरून ठेवलं होतं.

"सोड म्हंते न्हवं! कोण गं तू? माज्या नातवाला पाजायला तुझी परवानगी लागती व्हय?"

"सिस्टरम्मा मोजू दे. मग पाज."

"काय मोजायचंय? हात-पाय दोन दोन हायत की! सिस्टर, ह्या म्हातारीला आवरा. लेकराचा घसा सुकलाय, फेस यायलाय बगा तोंडाला."

मी वैतागले होते. आव्वावर, सासूवर, सगळ्या वॉर्डवर. रजिस्टर उचललं आणि आव्वाच्या तोंडासमोर धरलं. "हे बघा. तीन. लिहिलंय इथे."

तिला वाचता येत नव्हतं. तिने पानाकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं. "तू मोजलं?"

"हो, मोजलं," मी म्हणाले.

इतक्या सहज म्हणाले की मला स्वतःलाच खरं वाटलं. मग माझी नजर पानावर गेली. महादेवीच्या ओळीत ३. तिच्या खालची ओळ कोरी — नाव नाही, वेळ नाही, वजन नाही — आणि शेवटी ३. त्याखालीही तसंच. पानाच्या तळापर्यंत. ज्या मुलांच्या आयांना अजून कळाही लागल्या नव्हत्या, त्यांच्या नाळा मी मोजून ठेवल्या होत्या. मी सासूच्या हातातली वाटी काढून घेतली, खिडकीत ठेवली आणि खाली वाकून खाटेखालचं मडकं ओढलं.

सासूने किंकाळीच फोडली. "आवो काय करताय! हळदकुंकू वाह्यलंय त्याला! लेकराचं वाईट करायलाय व्हय?" मागून महादेवीचा बारीक आवाज आला, तोच मी तिचा नीट ऐकलेला पहिला आवाज. "उघडू द्या, आत्ती."

मी फडकं सोडलं. नाळ बाहेर काढून उजेडात धरली आणि ब्लेडने नवा काप घेतला. एक मोठं तोंड. एक बारीक. मी बोटाने पुसून पुन्हा बघितलं. थोडं पुढे आणखी एक काप घेतला. एक मोठं, एक बारीक. दोन. कितीही पुसलं तरी दोनच.

डॉक्टरबाईंचं घर पाच मिनिटांवर होतं. त्या केस विंचरता विंचरता आल्या. त्यांनी तीन ठिकाणी कापून बघितलं, बाळाच्या बेंबीकडचंही टोक बघितलं, मग बारीक रबरी नळी बाळाच्या तोंडातून आत घालायला सुरुवात केली. अर्धी वीत गेली आणि अडली. पुन्हा घातली, पुन्हा तिथेच. बाई हळू आवाजात म्हणाल्या, "अन्ननलिका वरच बंद आहे. पोटापर्यंत वाटच नाही. फेस त्याचाच. काही पाजलंय?"

"नाही," मी म्हणाले.

"एक थेंबही?"

"नाही बाई."

"बरं झालं," बाई म्हणाल्या. पाजलं असतं तर ते गुळाचं पाणी घशात तुंबून फुप्फुसात उतरलं असतं. सासू ते ऐकत उभी होती. तिने खिडकीतली वाटी घेतली, बाहेर जाऊन मोरीत ओतली आणि तिथेच खाली बसली.

हे ऑपरेशन तेव्हा सोलापुरात होण्यासारखं नव्हतं. बाईंनी पुण्याच्या सर्जनला चिठ्ठी लिहिली आणि दुपारच्या गाडीने मी, सासू आणि मुलाचा बाप निघालो. महादेवीला बरोबर नेण्यासारखी तिची तब्येत नव्हती. निघताना तिने बाळाच्या पायाचा अंगठा धरून ठेवला होता, तो सोडवावा लागला. बाळाला आडवं ठेवायचं नाही, खांद्याशी उभं धरायचं, आणि दर थोड्या वेळाने तोंडातला फेस ओढून काढायचा. त्यासाठी काचेची छोटी बाटली असायची, तिला दोन नळ्या — एक बाळाच्या तोंडात, एक माझ्या. सोलापूर ते पुणे मी ती नळी तोंडात धरून बसले होते. समोरच्या गाडीला वाट द्यायला आमची गाडी जेऊरला थांबली आणि थांबूनच राहिली. बाहेर रखरख, आत पंखा बंद. सासू तिथे बोलली.

"सिस्टर, माज्याच हातानं गेलं असतं की वो लेकरू."

खरं तर तेव्हा मी तिला सांगायला हवं होतं. तुमच्या नाही, माझ्या हाताने गेलं असतं, आणि मी खोटं बोलले होते. पण तोंडात नळी होती. नंतर नळी काढली, तेव्हाही नाही सांगितलं.

मुलगा वाचला. ऑपरेशन झालं, महिनाभराने घरी आला. पुढे तपासणीत कळलं की मूत्रपिंडही एकच आहे, पण तेवढ्यावर त्याचं नीट चाललंय. आज तो चिंचोळी एमआयडीसीत सुपरवायझर आहे, दोन मुलींचा बाप. भाकरी फार वेळ चावून खातो एवढंच. महादेवीच्या घरी दुसऱ्या सोयरिकीचा विषय पुन्हा निघाला नाही.

पुण्याहून परतले तेव्हा आव्वाच्या लेकीला घरी सोडायची तयारी चालली होती. मी आव्वाला गाठलं. "कसं कळलं तुम्हाला?"

ती गाठोडं बांधत होती. "काय सांगू, सिस्टरम्मा. मागावर धागा तुटला की बघायच्या आधी हाताला कळतं. तसं झालं."

"पण तीन असतात हे कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. हाताला कमी लागलं."

मी तिला सोडलं नाही. हात धरून वॉर्डभर फिरवलं, त्या दिवशी भरती असलेल्या चारही बायकांच्या पोटावर हात ठेवायला लावला. प्रत्येक वेळी तिने अंगठा फिरवला आणि मान हलवली. "काय न्हाई कळत. पोट हाय, पोटासारखं." शेवटी चिडली आणि निघून गेली. तिच्या हाताला पुन्हा असं काही कळल्याचं मी ऐकलं नाही.

आमचे हे म्हणतात, तिने तुझं नि बाईंचं बोलणं ऐकलं असणार. असेल. बाई त्या रकान्यावरून आम्हाला वॉर्डातच झापायच्या. तीन असतात हे ती कानाने शिकली असेल, मी मान्य करते. पण दोनच आहेत हे? मूल पोटात असताना? डॉक्टरबाई म्हणाल्या, योगायोग. आणि नंतर दोन-तीनदा मला विचारलं, ती म्हातारी परत आली होती का हो? पुढे सगळी नोकरी मी प्रत्येक नाळ मोजली. दोनवाल्या मोजक्याच सापडल्या. त्यातली एकही आधी कुणी सांगितलेली नव्हती.

इथवरची गोष्ट मी घरी ह्यांना सांगितलेली आहे. पुढची नाही.

बाईंनी रजिस्टर बघितलंच होतं. खालच्या कोऱ्या ओळी, पुढे माझे तीन. त्या रागावल्या नाहीत. "हे पान फाडू नका, राहू दे," एवढंच म्हणाल्या. पुण्याहून परतले त्या संध्याकाळी मी मागची पानं उलटली. पानामागून पान, एकाच शाईत, एकाच सरळ रेषेत तीन. आणि हिवाळ्यातल्या एका पानावर मला ते नाव दिसलं.

करमाळ्याकडची मुलगी होती, विशीचीही नसेल, पहिलटकरीण. बाळाच्या तोंडाला फेस यायचा हे मला आठवत होतं, कारण दुपटी सारखी बदलावी लागत होती. दुसऱ्या दिवशी गुळाचं पाणी पाजताना बाळ ठसकलं, निळं पडलं आणि गेलं. ती माझा पदर धरून विचारत होती, "सिस्टर, माजं काय चुकलं वो?" आणि मी तिला रागावले होते. डोकं उंच धरायचं असतं, घाई करायची नसते, इतकंही कळत नाही का? असं म्हणाले होते. ती मान खाली घालून ऐकत राहिली. रिकाम्या हाताने घरी गेली.

तिच्या ओळीतही ३ होता. वार केव्हाच पुरून झालेली, कुठे तेही माहीत नाही. करमाळ्याला एकदा जाऊन आले. पत्ता अर्धवट होता, ते घर सापडलं नाही.

आव्वाला कसं कळलं याचं उत्तर माझ्याकडे नाही. तिला जाऊनही आता खूप वर्षं झाली. त्या हिवाळ्यातल्या बाळाच्या नाळेत किती होत्या, हेही मला सांगता येणार नाही. ती मुलगी आता सत्तरीला आली असेल, असली तर. आपण बाळाचं डोकं उंच धरलं नाही, असं तिला अजूनही वाटत असेल.